आठव्या घराचं धुरांडं

ऑब्री स्पिंक हसत हसत कुणाचं भलं करायला निघाला, की मी आधी माझे खिसे चाचपून बघतो.

जुलैतल्या बाजाराच्या दिवशी तो माझ्या भाजीच्या ठेल्यावर आला. हातात छत्री, डोक्यावर गवती टोपी, आणि दात असे बाहेर, जणू तेही विकायला काढलेत.

"टेरी, आज बिअरचा एक पाइंट तुझ्याकडून! तुझ्या आत्याला घर मिळालं. धुरांड्यांत. आठ नंबर."

मी बटाटे तोलत होतो, तो हात तसाच राहिला. "दिलं कुणी?"

"ट्रस्टनं. म्हणजे नाव मीच सुचवलं म्हण ना."

"तू?"

"का? मी काय माणूस नाही?"

"तसं कुठं म्हणतोय मी, ऑब्री. तसं म्हणायला पुरावा लागतो."

तो हसला. एक प्लम उचलला, न विचारता खाल्ला आणि बी माझ्याच कांद्यांत टाकून गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

वॉल्डरहॅममध्ये 'धुरांडी' म्हटलं की दुसरं काही डोळ्यांसमोर येत नाही. चर्चसमोरची हिरवळ ओलांडली की लाल विटांची आठ घरांची ओळ. खरं नाव थॅक्सबी रो, पण ते फक्त पोस्टमन वापरतो. थॅक्सबी हा बिअर गाळणारा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात त्यानं गावाला पाजून पाजून पैसा केला आणि म्हातारपणी गावातल्या गरीब म्हाताऱ्यांसाठी घरं बांधायची लहर त्याला आली. आता साधी चार भिंतींची घरं बांधावीत ना? छे! त्याला हवी होती आठव्या हेन्रीच्या काळातली. म्हणजे बांधून व्हायची काल, आणि दिसायची तीनशे वर्षं मुरलेली.

तशी ती झालीही. छपराच्या त्रिकोणांना पायऱ्यापायऱ्यांच्या कडा. दारांवर बसक्या कमानी, उंच माणूस वाकूनच आत जाणार. खिडक्यांना शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या इवल्या इवल्या काचा, त्यातून बाहेर बघितलं की समोरच्या माणसाचे आठ तुकडे दिसतात. भट्टीत जास्त भाजून काळ्यानिळ्या पडलेल्या खंगर विटा, ज्या कुणी शहाणा माणूस फेकून देईल, त्या भिंतीत हिशोबानं बसवून अंगभर चौकटी काढलेल्या, विणलेल्या स्वेटरवर असतात तशा. वरच्या मजल्यावर काळ्या लाकडाच्या तुळया आडव्यातिडव्या. लोक त्यांचे फोटो काढतात आणि म्हणतात, बघा जुन्या काळची मजबुती! अहो, त्या तुळया नाहीतच. विटांवर ठोकलेल्या फळ्या आहेत त्या. दीडशेच्या वर वर्षं झाली, त्यांनी एक कौलसुद्धा पेललेलं नाही.

वरून कीर्तन, आतून तमाशा. म्हणून तर माझा त्या इमारतीवर लहानपणापासून जीव. गावात माझ्यापेक्षा मोठं थापाडं कुणी असेल तर तीच.

आणि धुरांडी! आठ घरांची आठ, एकासारखं दुसरं नाही. एकाला दोरखंडासारखा पीळ, एकावर मधाच्या पोळ्याची जाळी, एकावर माशाचे खवले, एक जत्रेतल्या पिळाच्या साखरकांडीसारखं. विटेला असा पीळ घालायचा तर जवळजवळ प्रत्येक वीट वेगळ्या साच्यातून काढावी लागते. थॅक्सबीनं काढायला लावली. धुरांड्यात राहणाऱ्याला गावात नंबरानं कुणी ओळखत नाही. 'दोरखंडवाली मिसेस प्लम्रिज', 'खवलेवाला वॉल्टर' अशीच नावं. आठव्याच्या धुरांड्यावर दोन पिळांच्या वेण्या एकमेकींत गुंफलेल्या, सगळ्यांत देखणं तेच.

आता 'पहिला धूर' म्हणजे काय ते सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. घरं भरतात ती सप्टेंबरात, थॅक्सबीच्या दिवशी. नवा माणूस आपल्या घरात जातो, भिंतीतली शेकोटी पेटवतो. चर्चची घंटा सुरू होते. गाव हिरवळीवर उभं राहून माना वर करून बघतं. घंटा थांबायच्या आत त्याच्या धुरांड्यातून धूर निघाला की टोप्या हवेत आणि बिअरची पिंपं उघडली. घर त्याचं, मरेपर्यंत. आणि नाही निघाला, तर घर परत ट्रस्टकडे. ट्रस्ट त्याचं हवं ते करील.

परत कधी कुणाचं गेलेलं नाही. धूर निघतोच. ओली लाकडं असली तरी निघतो, उलट जास्तच निघतो.

माझी मोरीन आत्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. निम्मं गाव तिच्या हातचं गुठळ्यांचं कस्टर्ड खाऊन मोठं झालंय आणि अजून तिला घाबरतं. नवरा गेला, मूलबाळ नाही. भाड्याच्या घरात जन्म काढला, आणि वसंतात घरमालकानं ते घर विकलं. सप्टेंबरअखेर निघायचं. इथं जागा मिळाली नाही तर दूरच्या शहरात, समुद्राकाठी, चौथ्या मजल्यावर एक खोली. तिथं ती कुणाला ओळखत नव्हती आणि, तिच्या शब्दांत, "तिथं मी कुणाला ओरडू, टेऱ्या?"

म्हणून आठ नंबर मिळाल्यावर तिनं आनंदानं मला मिठी मारली आणि लगेच टपली मारली, कारण माझे हात मातीचे होते.

"आत्या, स्पिंकनं दिलंय ते," मी म्हटलं.

"दिलंय ना? मग?"

"स्पिंक देतो तेव्हा खाली दोरी बांधलेली असते."

"तुला सगळीकडे दोऱ्याच दिसतात. तूच बांधत फिरतोस म्हणून."

हे खोटं नव्हतं. गेल्या वर्षी थॅक्सबीच्या पुतळ्याच्या हातात सकाळी सकाळी कोबी सापडला होता, आणि चर्चच्या शिखरावरच्या पत्र्याच्या कोंबड्यावर लोकरी मफलर. पण असली कामं करणाऱ्यालाच दुसऱ्याची दोरी लवकर दिसते.

स्पिंक इस्टेट एजंट, आणि ही घरं सांभाळणाऱ्या ट्रस्टवरही. लंडनहून शनिवार-रविवार येणाऱ्यांना तो गावातली घरं भाड्यानं देतो. दारावर फुलांची कुंडी, फ्रिजमध्ये दुधाची बाटली, आणि भाडं असं की गाववाल्यानं ऐकूनच बसावं. आठ नंबरवर त्याचा डोळा होता हे सगळ्या पबला ठाऊक. पूर्वी तिथं ओळीची देखरेख करणारी मेट्रन राहायची. तिला पहिला धूर वगैरे नसे, ती नोकरीवर. ती जागाच बंद झाल्यापासून तिथं ट्रस्टच्या खुर्च्या आणि नाताळातल्या देखाव्याची लाकडी मेंढरं. मग हा बाबा ते घर आपणहून माझ्या आत्याच्या ओंजळीत का टाकतो?

उत्तर दिलं वॉल्टर स्मायनं. सात नंबर, खवलेवाला. हा मधमाश्या पाळतो आणि मधमाश्यांइतकंच बोलतो. आठ नंबरमधली मेंढरं आम्ही बाहेर काढत होतो, तेव्हा तो कुंपणाला टेकून बराच वेळ वर बघत राहिला.

"कावळे," तो म्हणाला.

"काय कावळे?"

"राखी मानेचे. त्या धुरांड्यात घरटं करतात. दरवर्षी."

"मग?"

"माझ्यात करत नाहीत. कुणाच्याच नाही. धूर असतो तिथं कावळा घर करत नाही, टेरी."

"अरे, पण इथं कुणी राहतच नव्हतं आता."

"मेट्रन असतानाही करायचे," वॉल्टर म्हणाला, आणि आठवड्याभराचं बोलणं संपल्यासारखा आत गेला.

दुसऱ्या दिवशी मी धुरांडं झाडायचा ब्रश मागून आणला. काठीला काठी जोडत वर ढकलायचा तो. आत्याला हिरवळीवर उभं केलं. "ब्रश वरून बाहेर आला की ओरड."

मी शेकोटीत डोकं घालून ढकलू लागलो. एक काठी, दुसरी, तिसरी. मग नळी वळली. मी म्हटलं, चालायचं, जुन्या नळ्या वळतात. आणखी काठ्या लावल्या. माझ्या कानात काजळी, नाकात काजळी.

"आला का?"

"नाही!"

"आता?"

"नाही! अरे, झोपलास काय आत?"

शेवटची काठी लावली, जोर केला, आणि ब्रश एकदम मोकळा झाला.

"आला!" आत्या ओरडली. मग वेगळ्याच आवाजात: "टेऱ्या... तो वॉल्टरच्या धुरांड्यातून आलाय."

मी पळत बाहेर आलो. सात नंबरच्या खवल्यांच्या धुरांड्यावर माझा ब्रश कोंबड्याच्या तुऱ्यासारखा डुलत होता, आणि आठव्यावर दोन कावळे बसून आमच्याकडे बघत होते. वॉल्टर दारात आला, त्यानं वर बघितलं, मान डोलावली आणि परत गेला.

मग आम्ही माळ्यावर गेलो. त्या ओळीचा माळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग आहे, मध्ये भिंत नाही. थॅक्सबीनं पुढून तीनशे वर्षांचं सोंग आणलं आणि जे दिसत नाही तिथं विटा वाचवल्या. आठव्या घराच्या टोकाला टॉर्च मारला आणि मी हसत सुटलो. आत्याला वाटलं मला चक्कर आली. ते देखणं धुरांडं, दोन वेण्यांचं, दोन जाड तुळयांवर नुसतं उभं होतं. खालून उघडं, पोकळ, नळीबिळी काही नाही. डोक्यावर उंच टोपी, अंगात रेशमी कोट आणि कमरेखाली काहीच नाही, असा साहेब! पुढून ओळीच्या दोन्ही टोकांना धुरांडं दिसलं पाहिजे, एवढ्यासाठी ते बांधलेलं. आठव्याची शेकोटी सातव्याच्या भिंतीत, आणि तिचा धूर सातव्याच्या धुरांड्यात दुसऱ्या नळीतून. वरचं दगडी झाकण कधीच फुटून पडलं होतं आणि तिथं कावळ्यांचं घरटं होतं. काटक्यांतून उजेड येत होता.

तुळईवरच्या धुळीत एक बोटाची रेघ होती, आणि खाली पडलेली पेपरमिंटच्या वेष्टनाची चांदी. स्पिंक दिवसभर पेपरमिंट चघळतो.

"म्हणजे त्याला माहीत होतं," आत्या म्हणाली. ती तुळईवर बसली. कस्टर्ड करपल्यावर बसायची तशी.

"अख्ख्या गावासमोर तुझा धूर निघणार नाही. तो हळहळेल. म्हणेल, अरेरे, पण रीत ती रीत. आणि पुढच्या महिन्यात दारावर कुंडी."

"मग ट्रस्टवरच्या पाद्रीबाईला जाऊन सांगू. सरळ."

"सांगू. ती स्पिंकला विचारील. तो म्हणेल, मला काय कल्पना! ही चांदी? वाऱ्यानं आली असेल. आणि मग रीत ती रीत. आत्या, त्याला माहीत होतं हे त्याच्याच तोंडून यायला पाहिजे. गावासमोर."

"तो का सांगेल?"

"सांगेल. तू फक्त शेकोटी पेटव."

तिनं माझ्याकडे बघितलं. शाळेत असताना मी तिच्या खिरीत बेडूक सोडला होता, तेव्हा बघितलं होतं तसं.

"मी खोटं बोलणार नाही, टेऱ्या. कुणी विचारलं तर खरं सांगेन."

"तुला कुणी विचारणारच नाही. ऑब्री स्वतःच सांगेल."

मधमाश्यांना शांत करायला वॉल्टरकडे धुराचा एक भाता असतो. पत्र्याचं भांडं, त्यात पेटलेलं गोणपाट, मागं चामड्याची पिशवी. ती दाबली की चोचीतून थंड, पांढरा, दाट धूर. ठिणगी नाही, ज्वाळा नाही, माळ्याच्या जुन्या लाकडाला भय नाही. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो ऐकून म्हणाला, "गोणपाटात लव्हेंडर घालू?"

"कशाला?"

"वास चांगला येतो."

थॅक्सबीच्या दिवसाच्या आदल्या दुपारी स्पिंक आठ नंबरमध्ये आला. हातात नवं कोरं कुलूप.

"मिसेस गॅरड," तो आत्याला म्हणाला, "माळ्याचं झाकण बंद करतो हं. जुनी फळी, कुणाच्या डोक्यात पडायची." असं म्हणून त्यानं कुलूप लावलं, किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि माझ्याकडे बघून डोळे बारीक केले. "तुझ्यासारखे लोक वर चढून काहीबाही करतात, टेरी."

"मी? मला उंचीची भीती वाटते, ऑब्री."

"कोंबड्याला मफलर कुणी घातला मग?"

"त्याला थंडी वाजत होती."

तो खूश होऊन गेला. माळा सलग आहे, आणि वॉल्टरच्या घरातही झाकण आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. टॉर्च घेऊन तो आठव्याच्या टोकापर्यंतच गेला असणार. माणसं आपल्याला हवं ते दिसलं की पुढं बघत नाहीत. माझा धंदा त्यावरच चालतो. भाजीचाही.

दिवस उजाडला स्वच्छ, जरा गार. हिरवळीवर गाव जमलं. मुलं, कुत्री, पबवाल्यांची पिंपं, डुकराच्या मांसाचे गरम रोल. पाद्रीबाई हिलरी आपला पांढरा झगा सावरत आल्या. त्याही ट्रस्टवर, आणि घराला आशीर्वाद देणं त्यांच्याकडं. भल्या बाई. फक्त प्रवचन लांबवतात. त्या दिवशी मला ते हवंच होतं, कारण वॉल्टर शिडी चढायला वेळ लावतो. घंटा वाजवणाऱ्याला मी सकाळी टोपलीभर प्लम पोचवले होते. हात लवकर दुखू नयेत म्हणून.

मी मुद्दाम स्पिंकच्या शेजारी उभा राहिलो.

"काय टेरी, धाकधूक?"

"थोडी. तुला?"

"मला कशाला? मी तर मोरीनबाईंसाठी प्रार्थना करतोय." आणि त्यानं तोंडात पेपरमिंट टाकली.

पाद्रीबाईंनी आशीर्वाद दिला. आत्या नव्या एप्रनमध्ये, मान ताठ, बसक्या कमानीखालून आत गेली. तिला वाकावं लागत नाही. घंटा सुरू झाली.

माना वर.

थोड्या वेळानं धूर निघाला. काळसर, लाकडाचा, चांगला जाड. खवल्यांच्या धुरांड्यातून. सात नंबर.

"अगंबाई, हा तर वॉल्टरचा!" मागून कुणीतरी म्हणालं.

"वॉल्टरला आजच शेकायचं होतं होय?"

"आठव्याचं काय?"

आठव्यावर काही नाही. दोन वेण्या, निळं आभाळ, एक कावळा. घंटा वाजतेय. स्पिंकनं छत्रीवर दोन्ही हात ठेवले आणि असा सुस्कारा सोडला, जणू मयताला आलाय. मी मनात म्हणतोय, वॉल्टर, बाबा, लव्हेंडर नंतर घाल, भाता दाब! घंटेचा ठोका जरा ढिला झाला. प्लम पचले वाटतं. माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ गेला, हे मी इथं मान्य करतो, स्पिंकपुढं करणार नाही.

तेवढ्यात तो कावळा ओरडून उडाला. मागून दुसरा, आतून. मग वेण्यांच्या टोकातून एक बारीक पांढरी रेघ. मग दोन काटक्या उडाल्या आणि धूर असा आला, असा आला, की दुधाला उकळी फुटावी! ढग उठला नुसता. हिरवळीवर लव्हेंडरचा घमघमाट.

"आला! आला! मोरीनचा आला!" टोप्या उडाल्या. एका रोलचा अर्धा तुकडा माझ्या खांद्यावर पडला.

आणि माझ्या शेजारी ऑब्री स्पिंक, तांबडालाल, छत्री वर करून ओरडला, "शक्य नाही! हे शक्यच नाही!"

"का रे, ऑब्री?" मी अगदी साळसूदपणे, पण जरा मोठ्यानं विचारलं.

"अरे, खोटं धुरांडं आहे ते! नळीच नाही त्याला! नुसतं तुळयांवर उभं आहे, खालून पोकळ! मी स्वतः टॉर्च घेऊन बघितलंय, एप्रिलमध्ये!"

टोप्या खाली आल्या. घंटाही थांबली.

पाद्रीबाई हिलरी हळूच पुढं आल्या. "एप्रिलमध्ये, ऑब्री?"

"म्हणजे... साधारण."

"आपण मिसेस गॅरडना हे घर दिलं जुलैत. तुम्हीच नाव सुचवलंत. तुम्हीच म्हणालात, यांना आठच द्या."

स्पिंकचं तोंड उघडं राहिलं. आतली पेपरमिंट सगळ्यांना दिसली.

इथं खरं तर माझं काम झालं होतं. पण सात नंबरचं दार उघडलं आणि वॉल्टर बाहेर आला. केसांत कावळ्याचं घरटं, भुवया काळ्या, हातात भाता, अजून धूर सोडणारा. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "पुरे, की अजून एक गोणपाट घालू?"

गाव हसलं. म्हणजे फुटलंच. पबवाली तर पिंपावर आडवी झाली. पण स्पिंक त्यातही सावरला. माणूस पोहणारा, मान्य आहे. "बघितलंत? लबाडी! धूर भात्याचा! तिच्या धुरांड्यातून तिचा धूर निघालेला नाही. रीत ती रीत. घर ट्रस्टकडे!"

हसू ओसरलं. लोक एकमेकांकडे बघू लागले, कारण रीत म्हणजे आमच्याकडे मोठी गोष्ट. चुकीच्या रांगेत उभं राहिलो तरी आम्ही माफी मागतो. एवढ्यापुढचा डाव माझ्याकडे नव्हता.

तेव्हा आठ नंबरच्या दारात आत्या आली. बाह्या वर, गाल शेकोटीनं लाल, हातात किटली.

"ओरडतंय कोण? ऑब्री, तू का? दुसरीत असल्यापासून तुझा आवाज असाच चिरका."

"मिसेस गॅरड, तुमचा धूर..."

"माझा धूर वॉल्टरच्या धुरांड्यातून निघाला. बघितला ना सगळ्यांनी? तोच माझा. हा पांढरा, सुगंधी, तो या दोन खुळ्यांचा. कुणी विचारलं असतं तर आधीच सांगितलं असतं." मग ती लोकांकडे वळली. "माझी आजी पाच नंबरात होती. ती तिच्या आजीकडून ऐकलेलं सांगायची. थॅक्सबी समोरच्या टेकडीवर राहायचा. रोज सकाळी खिडकीत उभा राहून धूर मोजायचा. एखाद्या घराचा दिसला नाही की कोळशाची गाडी हाकायचा, म्हातारं माणूस गारठून बसलं असेल म्हणून. पहिला धूर तेवढ्यासाठी. कुणाला घालवायला नाही. त्याला विटांची वेणी शेकायची नव्हती, माणूस शेकायचा होता. माझी शेकोटी पेटलीय. ज्याला शंका असेल त्यानं आत येऊन हात शेकावेत. चहाचं पाणीही उकळलंय."

मग पाद्रीबाई हिलरींनी झगा वर धरला, हिरवळ ओलांडली आणि वाकून आत गेल्या. आम्ही बाहेर. इवल्या काचांतून त्यांचे आठ तुकडे शेकोटीपुढं वाकलेले दिसले. बऱ्याच वेळानं त्या दारात आल्या. हातात कप, हात लालबुंद.

"गरम आहे," त्या म्हणाल्या. "चांगलीच. ट्रस्टच्या मंडळींपैकी अजून कुणाला बघायचंय?"

ट्रस्टच्या बाकी दोघांना बघायचं नव्हतं, बिअर प्यायची होती. त्यांनी टोप्या काढल्या आणि वर फेकल्या. त्यामागं गावानं. अशा, की एक टोपी आठव्याच्या वेण्यांवर जाऊन बसली. ती अजून तिथंच आहे. कावळ्यांनी तिच्यात अंडी घातली.

स्पिंक बिअर न पिताच गेला. जाताना त्याला मी हाक मारली, "ऑब्री, माळ्याची किल्ली!" त्यानं ती माझ्याकडे फेकली. मी झेलली नाही, त्याला परत येऊन उचलून द्यावी लागली.

आता तिथली सकाळ अशी: सात धुरांड्यांतून धूर, आणि त्यात खवल्यांच्यातून दुप्पट. गाव चावट. पबात कुणीतरी म्हणणारच, "मोरीन आणि वॉल्टरचा धूर एकत्र निघतो म्हणे." मी हे आत्याच्या कानावर घातलं. वाटलं, टपली बसेल.

तिनं वॉल्टरकडे बघितलं. तो तिच्या शेकोटीपुढं बसून टोस्टला मध लावत होता, गप्प, नेहमीसारखा.

"म्हणू दे," ती म्हणाली. "कोळसा अर्धाच लागतो."

वॉल्टरनं मान वर केली. "लव्हेंडर घालू?" त्यानं विचारलं.